घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

पत्राचा सारांश: दोन मित्र नोकऱ्या सांभाळून गेली सात वर्षं एक मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून इंटरनेटवरून खेळायचा, गेम बनवताहेत. सुरुवातीला तिघं होते. चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करणारी मैत्रीण तीन वर्षांपूर्वी बाहेर पडली. गेम सहा विरुद्ध सहा असा आहे. प्रत्येक बाजूला एक सेनापती, तंबूत बसलेला. त्याला रणांगण दिसत नाही. समोर फक्त कागदी नकाशा आणि पेन्सिल. उरलेले पाच जण घोडेस्वार जासूद. बातमी तेच आणतात आणि हुकूमही तेच नेतात. आवाज अंतरानुसार ऐकू येतो, त्यामुळे सेनापतीशी बोलायचं तर तंबूपर्यंत यावंच लागतं. जासूद वाटेत मारला गेला, तर निरोपही त्याच्याबरोबर गेला. खेळून पाहिलेल्यांना गेम फार आवडलाय, पण असे लोक चाळीसेकच. पत्रलेखक विचारतात, "इतका आडवळणाचा गेम विकला जाईल का? मित्र म्हणतो, अजून एक वर्ष दे, रँकिंग आणि तीन नवे नकाशे घालू, मग बाजारात आणू. घरचे म्हणतात, आता पुरे. मला वाटतं, नीट प्रसिद्धी झाली तर चालेल. 'अमंग अस' या गेमचंही नशीब दोन वर्षांनी उघडलंच की. काढावा की सोडून द्यावा?"

तुम्ही पत्रासोबत जोडलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तो एका प्रसंगासाठी. एक जासूद धापा टाकत तंबूत शिरतो आणि सांगतो, "पुलावर शत्रू आलाय!" सेनापती पेन्सिल उचलतो आणि शांतपणे विचारतो, "कुठल्या पुलावर?" नकाशावर पूल तीन. जासूद गप्प. दोनतीन सेकंद कुणीच बोलत नाही, आणि मग सगळे एकदम हसायला लागतात. त्या दोनतीन सेकंदांसाठी मी तुमचा गेम विकत घेईन. त्यामुळे कल्पनेत दम आहे का, या प्रश्नावर मी शाई खर्च करत नाही. आहे.

पण तो व्हिडिओ तुम्ही कापला नाहीत, हे बरं केलंत. एकूण एक्केचाळीस मिनिटं. त्यातली पहिली तेवीस मिनिटं अकरा माणसं बाराव्याची वाट पाहत बसलीयत. कुणी घोडा गोल गोल फिरवतंय, कुणी 'आलोच' म्हणून उठलंय, आणि तुम्ही स्वतः कुणाला तरी फोन करून "अरे, ये ना, दहाच मिनिटं" म्हणताय. तुमचं घोडं पेंड खातंय ते इथं. गेम आडवळणाचा आहे म्हणून किंवा प्रसिद्धी कमी आहे म्हणून नव्हे. तो सुरू व्हायलाच बारा माणसं लागतात आणि ती सगळी एकाच वेळी हवीत, म्हणून.

आपण गृहीत धरतो की गेम ही एक वस्तू आहे. चांगली बनवली, लोकांना कळली, की विकली जाते. एकट्यानं खेळायच्या गेमबाबत हे बऱ्यापैकी खरं आहे. मल्टिप्लेअर गेम घेणारा माणूस मात्र आत बसलेली इतर माणसं विकत घेत असतो, आणि ती तुमच्या दुकानात नाहीत. पहिल्या गिऱ्हाइकाला तुम्ही रिकामी खोली विकता. दहाव्यालाही जवळपास रिकामीच.

थोडा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. तुमचा एक नियमित खेळाडू आठवड्याला पाच तास खेळतो असं धरा, आणि नोकरदार माणसासाठी हे उदारच झालं. म्हणजे चोवीस तासांत कधीही डोकावलं तरी सरासरी एक माणूस आत सापडायचा, तर तुम्हाला सुमारे ३४ नियमित खेळाडू हवेत. बारा सापडायचे तर चारशेच्या आसपास. आणि बाराच असतील तर एकच डाव चालू असणार. तेरावा आला की तो डाव संपेपर्यंत घोडा गोल फिरवत बसणार. दोन मिनिटांत डाव मिळावा असं वाटत असेल, तर सरासरी शंभर-सव्वाशे माणसं आत हवीत. म्हणजे दर आठवड्याला न चुकता पाच तास देणारे चार हजार लोक. एकदा विकत घेऊन विसरून गेलेले यात धरलेले नाहीत. शिवाय हे चार हजार जगभर विखुरलेले असणार. एकाची संध्याकाळ ती दुसऱ्याची पहाट, आणि सर्व्हर, म्हणजे डाव चालवणारा संगणक, लांबचा असला की घोडा हुकुमाच्या अर्धा सेकंद मागे धावतो.

एवढी माणसं नसली की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. फार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एक छोटा मल्टिप्लेअर गेम काढला होता. पहिल्या संध्याकाळी साठेक माणसं एकदम आत, आम्ही हवेत. नवव्या दिवशी लॉबीत, म्हणजे डावाआधी वाट बघायच्या खोलीत, तिघं होते, आणि त्यातले दोघं आम्हीच. तिसऱ्यानं जाताना चॅटमध्ये लिहिलं, "इथं कुणी असतं का?" त्याला काय उत्तर द्यावं, हे मला आजही सुचलेलं नाही. स्टीम या संगणकावरच्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात गेम घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. रिकाम्या लॉबीत बसलेला माणूस ते मागतो, जाताना 'मेलेला गेम' असा शेरा मारतो, तो शेरा वाचून पुढचा माणूस घेत नाही, आणि लॉबी आणखी रिकामी होते.

प्रसिद्धीनं हे चक्र उलटं फिरवता येईल असं वाटत असेल, तर ज्यांच्याकडे प्रसिद्धीला पैसा होता त्यांच्याकडे बघा. 'लॉब्रेकर्स' हा मल्टिप्लेअर गेम ऑगस्ट २०१७ मध्ये आला, मागे नावाजलेली माणसं होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' कित्येक वर्षांच्या कामानंतर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे! घेणाऱ्यांना पैसे परत दिले गेले. प्रसिद्धी लोकांना दारापर्यंत आणते. आत कुणी दिसलं नाही की ते तिथूनच वळतात.

आता 'अमंग अस'बद्दल. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात तो असतोच. लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत वाचून तिकीट काढण्यातला हा प्रकार आहे. खुद्द बनवणाऱ्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. २०१८ मध्ये गेम काढून ते पुढे सरकले होते, २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये ती मागे घेऊन पहिल्याच भागाकडे परतले. तरी त्यात शिकण्यासारखं एक आहे, आणि ते नशिबाबद्दलचं नाही. तो गेम दोन वर्षं फारशा माणसांशिवाय जिवंत राहू शकला. चार जण जमले की डाव लागायचा, ओळखीचेच चौघं पुरायचे, फोनवर फुकट होता, आणि बनवणारे मोजकेच असल्यामुळे खर्चही बेताचा. नशीब दार ठोठवायला आलं तेव्हा घर उघडं होतं. तुमच्या आजच्या गेमला बारा माणसं लागतात. तो दोन महिनेही तग धरेल असं मला वाटत नाही.

तुमच्या मित्राच्या बाजूनंही थोडं बोलते, कारण सबुरी हा काही दोष नाही. 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' दोघा भावांनी २००२ मध्ये सुरू केला, २००६ मध्ये लोकांसमोर ठेवला, आणि स्टीमवर तो पैसे घेऊन विकायला आला थेट डिसेंबर २०२२ मध्ये. पहिल्या महिन्याभरात सुमारे पाच लाख प्रती गेल्या. पण मधली सोळा वर्षं तो कपाटात बंद नव्हता. लोक तो फुकट उतरवून खेळत होते, हरत होते, हरल्याच्या कहाण्या एकमेकांना सांगत होते. आणि तो खेळायला एकच माणूस लागायचा. तुमची सात वर्षं बंद दाराआड गेली आहेत. तुम्हाला ती वर्षं दिसतात. घेणाऱ्याला ती दिसत नाहीत आणि त्याला त्यांच्याशी कर्तव्यही नाही. ही वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही. चालता नेटवर्क कोड, पळणारे घोडे, अंतरानुसार ऐकू येणारा आवाज हे सगळं आज तुमच्या हातात आहे. फक्त 'एवढी वर्षं घातलीत, तर आता...' या वाक्याचा उत्तरार्ध काहीही असला, तरी ते वाक्य निर्णयाच्या टेबलावर आणू नका.

मित्राच्या एका गोष्टीला मात्र माझा सपशेल विरोध आहे. रँकिंग! रँकिंग म्हणजे असलेल्या माणसांची आणखी वाटणी. बारा माणसं जमत नाहीत तिथं त्यांना कच्चे आणि पक्के असं वेगळं बसवायचं? नव्या नकाशांचंही तेच; प्रत्येक नकाशाला स्वतंत्र रांग लावलीत तर तुम्ही एका रिकाम्या खोलीच्या चार केल्यात. वर्ष द्यायचंच असेल तर ते उलट्या दिशेनं द्या. प्रश्न असा धरा: हा गेम कमीत कमी किती माणसांत रंगतो?

मला वाटतं तीन. कदाचित दोनसुद्धा. तुमच्या व्हिडिओतला तो पुलाचा प्रसंग पुन्हा आठवा. तो तंबूत घडतो, आपल्याच माणसांमध्ये. पलीकडच्या सहा जणांचा त्यात काहीही वाटा नाही. पलीकडे संगणक असता तरी ते हसू तसंच फुटलं असतं. आणि तुमच्या गेमला एक आयती सवलत आहे, जी इतर कुणाला सहसा मिळत नाही: सेनापतीला काही दिसतच नाही, त्यामुळे संगणकाचा शत्रू हुशार असायची गरज नाही. मठ्ठ सैन्य सरळ रेषेत चालत आलं तरी, बातमी दहा मिनिटं उशिरा आणि अर्धवट पोचली की, ते कपटी वाटतं. तेव्हा एक सेनापती, दोन जासूद, समोर संगणक असा डाव महिनाभरात कच्चा उभा करून बघा. नवे नकाशे नकोत, नवे घोडे नकोत.

ते जमलं तर त्याच्या पुढची पायरी एकट्याचा डाव. सेनापती तुम्ही, जासूद संगणकाचे. एक जासूद दहाचे शंभर करून सांगणारा, एक नीट मोजणारा पण हळू, एक भित्रा, लांबूनच बघून परतणारा. कुणाच्या शब्दावर किती विश्वास टाकायचा हेच खेळणं. (हे लिहिताना माझं मन जरा भरकटतंय, पण असा गेम मला आज रात्री खेळायला हवाय.) एकट्याचा डाव म्हणजे तडजोड असं बऱ्याच मल्टिप्लेअरवाल्यांना वाटतं. 'स्टार्ड्यू व्हॅली' २०१६ मध्ये एकट्याचा म्हणून आला, एकत्र खेळायची सोय २०१८ मध्ये आली. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'च्या नव्या आवृत्तीत मल्टिप्लेअर डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि खेळणाऱ्यांची झुंबड उडाली. पण गेम त्याआधी वर्षानुवर्षं एकेकटे लोक खेळतच होते. 'वालहाइम' एकट्यानं खेळा किंवा दहा जणांनी, अडत नाही. यांपैकी कुणालाही बाराव्याला फोन करावा लागला नाही.

मग सहा विरुद्ध सहाचं काय करायचं? ठेवा. तो तुमचा सणाचा दिवस. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, तेव्हाच मोठा डाव. रोज चोवीस तास विखुरलेले साठ जण म्हणजे शुकशुकाट. तेच साठ जण रविवारी रात्री नऊला एकत्र आले तर पाच डाव एकदम लागतात. जासुदासाठी मायक्रोफोनऐवजी चिठ्ठीचीही सोय ठेवा, अनोळखी लोकांत तोंड उघडायला बिचकणारे बरेच असतात.

किंमत ठरवताना तुमच्या गेमचा आकारच कामी येईल. 'अ वे आउट' हा २०१८ चा दोघांचा गेम, त्यात एकानं घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता यायचं. तुमच्याकडे तर भूमिकाच वेगळ्या आहेत: सेनापती व्हायचं तर गेम विकत घ्या, जासूद म्हणून यायला पैसे नकोत. सहा जणांच्या टोळक्यात सहा वेळा 'घेऊ का नको' होण्यापेक्षा एकदा होऊ दे. आज ना उद्या एखाद्या जासुदाला तंबूत बसायचं असेलच. आणि सर्व्हर भाड्यानं घेऊन दरमहा पैसे मोजू नका; डाव खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या यंत्रावर चालू द्या. स्टीमवरच्या गेमला खेळाडू थेट एकमेकांना जोडायची सोय वेगळे पैसे न देता मिळते. त्यामुळे उद्या तुम्ही थांबलात तरी घेतलेला गेम लोकांच्या हातात चालू राहतो, आणि हे गेमच्या पानावर ठळक लिहा. अचानक बंद पडलेल्या गेम्सनी लोक पोळलेत.

चाळीस जणांना आवडला, असं तुम्ही लिहिता. त्यात मित्र किती, मित्रांचे मित्र किती? ओळखीच्या माणसाची स्तुती मी निम्म्यानं मोजते, स्वतःची असली तर पाव. तिघांचा डाव तयार झाला की स्टीमवर खुली प्लेटेस्ट, म्हणजे अनोळखी लोकांकडून चाचणी, लावा. ती फुकट असते आणि तिथं कुणी शेरा लिहू शकत नाही, त्यामुळे फजिती झाली तरी मुख्य पानावर डाग पडत नाही. 'आवडला का' हे विचारूच नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. मोजायचं ते असं: पहिला डाव संपल्यावर दुसऱ्याला किती थांबले, आणि पुढच्या आठवड्यात किती जण आणखी कुणाला घेऊन परत आले. किती आले तर पुढे जायचं आणि किती आले तर थांबायचं, तो आकडा तुम्ही दोघं आधीच कागदावर लिहा, सह्या करा. नंतर लिहिलेला आकडा नेहमी आलेल्या माणसांएवढाच निघतो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेम्सच्या ऑनलाइन जत्रेत, एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा ती संधी आजच्या बारा जणांच्या लॉबीवर उधळू नका.

'विकला जाईल का' या एका वाक्यात तुम्ही तीन वेगळे प्रश्न बांधलेत. खिशातून गेलेला खर्च निघेल का? तिघांत रंगणारा गेम झाला तर बरीच शक्यता आहे. दोघांच्या सात वर्षांच्या श्रमाचं मोल निघेल का? अवघड. विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीम ठेवून घेतं, मग परत गेलेल्या प्रती, सवलतीचे आठवडे, कर, आणि उरलेल्याचे वाटे. नोकरी सोडता येईल का? त्या भरवशावर कुणीच बेत आखू नये. यातला तुमचा प्रश्न कुठला, हे तुमच्या मित्रालाही वेगळं बसवून विचारा. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. 'अजून एक वर्ष' कुठून येतं तेही तेव्हा कळेल.

घरच्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. 'आता पुरे' म्हणणाऱ्या माणसाला बहुधा पैशांपेक्षा सुट्ट्यांचा हिशोब हवा असतो. त्यांना गेम चालेल की नाही हे पटवत बसू नका. तारीख द्या. तिघांचा डाव अमुक दिवशी, प्लेटेस्ट अमुक दिवशी, निर्णय अमुक दिवशी. आणि ती पाळा.

अशाच कोंडीतली आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत. त्यांनाही हे लागू आहे, थोड्या फरकानं. समोरासमोर दोघांचाच गेम असेल तर गणित बरंच सोपं होतं. आळीपाळीनं खेळायचा असेल आणि एकानं सकाळी चाल केली, दुसऱ्यानं रात्री, हे चालत असेल, तर 'एकाच वेळी' ही अटच गळून पडते. ज्यांच्या गेमचा जीव खरोखरच मोठ्या जमावात आहे, त्यांनी तो फुकट ठेवून छंद म्हणून चालवण्याचाही विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट राहिली. बाहेर पडलेल्या मैत्रिणीशी काही लेखी झालंय का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून झालं नसावं. तिची चित्रं, तिची अ‍ॅनिमेशन गेममध्ये तशीच असतील, तर विकायला काढण्याआधी तिचा लेखी होकार आणि ठरलेला वाटा, दोन्ही कागदावर हवेत. दोन पैसे मिळाल्यावर हा विषय काढणं फार महागात पडतं, आणि काही न मिळाल्यावर कुणी तो काढतच नाही. व्हिडिओत तंबूबाहेर उभा राहिल्यावर जो घोडा दमून मान खाली घालतो, तो तिनंच केलाय ना? मग तिघांच्या डावाचा कोड लिहायला बसण्याआधी तिला फोन करा. आणि पहिला डाव खेळायला तिसरी म्हणून येतेस का, तेही विचारा.